डाव्या टाचेखालची पट्टी

माणसाचं तोंड काहीही बोलेल, बूट खोटं बोलत नाही, असं खिळेकाका म्हणायचे. तोंडात पाच-सहा खिळे धरून म्हणायचे, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्धंच कळायचं. त्या खिळ्यांवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव रेशनकार्डावर आणि बायकोच्या मनात, एवढ्या दोनच ठिकाणी उरलं होतं.

पंप कारखान्याच्या फाटकासमोर, सायकल स्टँडच्या भिंतीला चिकटून त्यांची पत्र्याची टपरी. आत एक लोखंडी पाऊल, रापी, आरी, मेण लावलेला दोरा, आणि दुरुस्त होऊन मालकाची वाट बघत बसलेले दहा-बारा जोड. तीस वर्षं झाली होती तिथे बसून. कारखान्याच्या क्रिकेट संघाचे सगळे बूट त्यांच्या हातून जात. संघ जिंकला की काका दिवसभर गुणगुणत, हरला की गिऱ्हाइकाशी धड बोलत नसत. स्वतः मात्र आयुष्यात कधी बॅट धरली नव्हती.

काम करायची त्यांची एक रीत होती. कुठलाही बूट आला की आधी सुखतळा उचकटून बाहेर काढायचा. मग आतली जुनी खळ, घामाने कुजलेलं कातडं, कोणी कोंबलेला कागद, सगळं रापीने खरवडून तळ आरशासारखा करायचा, आणि मगच नवं काम. दुसरे कारागीर वरवर ठिगळ लावून देत. काकांना ते बघवत नसे. "आत घाण ठेवून वरून पॉलिश? देवाला तोंड दाखवायचंय मला," म्हणायचे.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत टपरीसमोर नेहमीचा अड्डा जमला, पण त्या दिवशी कोणी डब्याबद्दल बोलेना की साहेबाबद्दल. विषय एकच. रस्त्यापलीकडच्या रंग कारखान्याने रविवारच्या निवड-चाचणीला बोलावलेल्या वीस जणांची यादी लावली होती, आणि तिच्यात गोफणचं नाव होतं.

गोफण म्हणजे पंपवाल्यांचा एकेकाळचा जलद गोलंदाज. हात असा फिरायचा की बॉल सुटतो कधी ते कळायचं नाही, म्हणून गोफण. तीन मोसम त्याने रंगवाल्यांना रडवलं. मग काय झालं कुणास ठाऊक, दोन मोसम त्याचा बॉल डाव्या बाजूला निसटायला लागला, वेग गेला, विकेटी मिळेनात. संघाने त्याला वगळलं. तो कारखान्यात हंगामी होता आणि खेळतो म्हणूनच होता. खेळ गेला तशी नोकरीही गेली. सध्या तो लाकडाच्या वखारीत फळ्या उचलत होता. रंगवाल्यांच्या संघात निवड झाली तर पॅकिंग खात्यात कायमची जागा मिळणार होती. भरतीचं वय अठ्ठावीसपर्यंत, आणि गोफणला दोन महिन्यांनी अठ्ठावीस पुरी होत होती.

"तो तिकडे घेण्याच्या लायकीचा नाही, एवढंच माझं म्हणणं," लेथवाला म्हणाला. लेथवाला काकांच्या वयाचा, पोटाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. "गेल्या मोसमात किती विकेटी? अकरा! अकरा तर माझी म्हातारी काढील, काठी टेकून."

"मग तुमच्या म्हातारीला पाठवा ना चाचणीला," फाटकावरचा टाइमकीपर म्हणाला. हा तरुण, चष्मेवाला, आणि सगळ्यांचे उशीर लिहून ठेवणारा, म्हणून कोणाचा लाडका नसलेला. "ज्याला आपण टाकलं त्याला दुसऱ्याने उचललं तर आपल्या पोटात का दुखावं?"

"दुखत नाही रे बाबा, हसू येतं. रंगवाले आता भंगार गोळा करायला लागले."

"भंगार म्हणता आणि सकाळपासून चौथ्यांदा विषय काढता."

"अरे, ज्या ताटात जेवला—"

"ताट तुम्ही काढून घेतलंत की! उपाशी माणसाने काय तुमच्या फाटकाकडे बघत बसायचं?"

लोक हसले. लेथवाल्याने शेवटी काकांकडे तोंड वळवलं. "खिळ्या, तू सांग. तुझ्याकडेच येतात ना त्याचे बूट?"

काका तोवर मान खाली घालून ठोकत होते. आतून धुमसत मात्र होते. गोफणवर त्यांचा जीव होता आणि म्हणूनच राग जास्त. पोरगं वखारीत गेलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. पण रंगवाल्यांच्या दारात? ज्या मैदानात काकांनी तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तिथे हा घाम गाळणार?

त्यांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. खिळे बाहेर आले की अड्डा गप्प व्हायचा. आता खिळेकाका निकाल देणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"डाव्या पायात दम राहिला नाही त्याच्या," काका म्हणाले. "बॉल टाकताना डावा पाय आपटतो ना, तो आता टिकत नाही. टाच बाहेरच्या बाजूने झिजते, चवडा घासतो. दोन वर्षं बघतोय मी. माणूस तोंडाने म्हणेल मी ठीक आहे. बूट सांगतो, हा संपला."

"बघ!" लेथवाल्याने मांडीवर थाप मारली. "झालं? मिटलं!"

आणि तेव्हा काकांना दिसलं की गर्दीच्या मागे कीपरसाहेब उभे आहेत. हे रंग कारखान्याचे जुने यष्टिरक्षक, आता तिथल्या निवड समितीचे प्रमुख. त्यांच्या हातमोज्यांची बोटांमधली जाळी फक्त काकांनाच धड शिवता यायची, म्हणून वर्षातून एकदा रस्ता ओलांडून यायचे. हातमोजे काही कुठल्या पक्षाचे नसतात, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती.

कीपरसाहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते फक्त "बरं" म्हणाले, हातमोजे फळीवर ठेवले आणि निघून गेले. एरवी जाळी कशी शिवायची यावर ते अर्धा तास डोकं खायचे.

काकांनी खिळे परत तोंडात टाकले. पण त्या दुपारी दोनदा आरी बोटात घुसली. आपण काही खोटं बोललो नाही, असं ते मनाला सांगत होते, आणि मन ऐकत नव्हतं.

दिवेलागणीला घरी गेले. बायको उंबऱ्याशी सूप घेऊन धान्य निवडत होती. निवडत होती म्हणजे चाचपत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा आला होता आणि बोटांची पेरं सुजली होती. त्याआधी पंचवीस वर्षं सुखतळे आणि अस्तरं ती घरी बसून शिवायची. बाहेरचं काम काकांचं, आतलं तिचं. बुटाच्या आत हात घालून ती माणूस ओळखायची. पण लोकांना वाटायचं सगळी करामत काकांची, आणि काकांनीही ती समजूत कधी मोडली नव्हती.

काकांनी दिवसभराची हकिगत सांगितली. कीपरसाहेबांपुढे आपण कसं स्पष्ट बोललो, तेही सांगितलं. आवाज जरा चढाच होता. आत काही खुपत असलं की त्यांचा आवाज चढायचा.

"डावी टाच बाहेरून झिजते?" बायकोने विचारलं.

"बाहेरूनच. दोन मोसम."

"मग पट्टी दबून बसली असेल त्याची. बदलली नाहीत का तुम्ही?"

"कसली पट्टी?"

सूप थांबलं. "अहो, डाव्या सुखतळ्याखाली, टाचेकडे. मऊ कातड्याची. मी घालायचे दर मोसमाला."

 काकांना ती पट्टी आठवली. अगदी लख्ख आठवली. बायकोने काम सोडल्यावर गोफणचा बूट पहिल्यांदा आपण उघडला, टाचेखाली कातड्याचा एक चपटा तुकडा सापडला, निमुळता, मळकट. कोणीतरी काहीतरी कोंबलंय म्हणून रापीने खरवडून टोपलीत टाकला, आणि तळ आरशासारखा केला.

"अगं, मला वाटलं कचरा आहे."

"कचरा!" ती एवढंच म्हणाली.

"पण ती कशाला घालत होतीस?"

"त्याचा डावा पाय जरासा आखूड आहे. लहानपणी भिंतीवरून पडला होता, हाड नीट बसलं नाही. दोन दाण्यांएवढाच फरक. चालताना कळत नाही. दारात उभा राहायचा ना, तेव्हा सारखा उजव्या पायावर रेलायचा. मी विचारलं, तर पोरगं लाजलं. म्हणालं, काकू, कुणाला सांगू नका, संघात घेणार नाहीत. मी म्हटलं, मी कशाला सांगतेय?"

"मला तरी सांगायचंस!"

"स्वयंपाकात मीठ घातलं की सांगते का मी तुम्हाला?" तिने सूप बाजूला ठेवलं. "आणि तुम्ही काढलीत, तर मला विचारलंत? पंचवीस वर्षं त्या बुटांत माझे हात होते. एकदा तरी विचारायचं, अगं, हे काय आहे म्हणून."

 काका उठले, पाणी प्यायले, बसले, परत उठले. त्यांना आणखी एक गोष्ट आठवली होती, आणि ती बायकोला सांगायची हिंमत होत नव्हती. त्या मोसमाच्या सुरुवातीला गोफण आला होता. "काका, बूट कसातरीच वाटतोय. पाय टाकला की पडल्यासारखं होतं." आणि आपण खिळ्यांतून म्हणालो होतो, "नवा तळवा आहे. जातील चार दिवस."

चार दिवसांची दोन वर्षं झाली होती.

गुरुवारी काका टपरीवर गेले ते सगळं सांगून टाकायचंच, असं ठरवून. पण ठरवणं घरात असतं आणि सांगणं चारचौघांत. सुट्टी झाली, अड्डा भरला, आणि लेथवाल्याने आल्या आल्या सुरुवात केली. "रंगवाल्यांच्यात पण पोचलं बरं का! त्यांचा फिटर भेटला होता. म्हणे, खिळेकाकांनी बूट बघून सांगितलंय, पोरगं संपलं. म्हणजे कीपरसाहेबांनी नावावर जवळजवळ काट मारली म्हणायची."

"एका बुटावरून?" टाइमकीपर म्हणाला. "हा काय न्याय झाला?"

"बुटावरून नाही, खिळ्याच्या शब्दावरून! तीस वर्षांत त्याचा शब्द चुकलाय?"

काकांनी खिळे तोंडातून काढले. सगळे गप्प झाले.

"काय काका?"

पायाचं सांगितलं तर पोराचं गुपित फुटतं. गुपित ठेवलं तर आपली चूक सांगायची कशी? आणि चूक सांगितली, तर समोर बसलेले हे सगळे, दोन मोसम रंगवाल्यांकडून मार खाल्लेले, काय म्हणतील?

"काही नाही. खिळा गंजका निघाला," काका म्हणाले आणि खिळे परत तोंडात टाकले.

शुक्रवारही तसाच गेला. एका बाईच्या सँडलला त्यांनी दोन्ही बक्कलं एकाच बाजूला लावली. बाईने दाखवल्यावर हसलेही नाहीत. टपरीसमोरून कोणी रंगवाल्यांचा निळा सदरा घालून गेला की कीपरसाहेब वाटायचे आणि काका अर्धवट उठायचे. दोनदा रस्त्यापर्यंत गेले आणि कुलूप लावायचं राहिलं म्हणून परत आले. सकाळी देवापुढे हात जोडले की मागायचं काय तेच सुचायचं नाही. देवाने हातात कसब दिलं होतं आणि आपण त्याचा गर्व केला, एवढंच पुन्हा पुन्हा मनात यायचं.

शनिवारी दुपारीच टपरी बंद करून ते वखारीमागच्या खोल्यांकडे गेले. गोफणची खोली शेवटची. दार उघडंच होतं. आत एक खाट, दोरीवर वाळत टाकलेला पांढरा सदरा, कोपऱ्यात स्टोव्ह. गोफण जमिनीवर बसून बुटांना पांढरा रंग लावत होता. काकांना बघून उठला नाही. एरवी तो लगेच उठायचा.

"या," म्हणाला. "आता काय, चाचणीला जाऊच नको म्हणून सांगायला आलात?"

"तुझ्यापर्यंत आलं?"

"वखारीतला हमालसुद्धा सांगतो मला, बूट म्हणतो तू संपला. काका, माझ्या तोंडावर बोलायचं होतंत. दोन वर्षं मी तुमच्यासमोर येऊन बसत होतो." त्याने ब्रश डबीत बुडवला. "दोन महिन्यांनी वय जाईल. मग जन्मभर फळ्या. तुम्हाला पंपवाल्यांचा अभिमान आहे, असू दे. माझं पोट कुठे गेलं त्यात?"

काका दारातच खाली बसले. पायातल्या चपला काढल्या आणि हातात धरून बसले, जणू त्याच दुरुस्त करायला आणल्या होत्या.

"तुला काकूने सुखतळ्याखाली पट्टी घातली होती, माहीत होतं?"

गोफणने मान वर केली. "पट्टी? काकू म्हणाल्या होत्या, बघते मी काहीतरी. मग बूट बरा वाटायला लागला. मी परत विचारलं नाही. लाज वाटायची." तो थांबला. "का?"

"ती मी काढून टाकली. दोन वर्षांपूर्वी. कचरा समजून."

 वखारीत करवतीचा आवाज चालू होता. गोफण हातातल्या बुटाकडे बघत होता. मग त्याने तो बूट खाली ठेवला, उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकांना वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार. हाकललं असतं तरी बरं वाटलं असतं.

"मी रात्रंदिवस पळायचो," तो भिंतीकडे बघूनच म्हणाला. "वाटायचं, माझाच जोर कमी पडतोय. पायाला शिव्या घालायचो."

"मला घाल."

"घालीन. चाचणी होऊ दे." तो वळला. "काकूंना पट्टी करता येईल अजून?"

बूट घेऊन काका जवळजवळ पळतच घरी आले. बायकोने डाव्या बुटात हात घातला, डोळे मिटले, आणि बोटांनी तळ चाचपला. "गुळगुळीत केलाय अगदी," म्हणाली. तो टोमणा होता, पण काकांनी तो मुकाट्याने घेतला. तिने दोन वर्षांनी रापी हातात घेतली. सुजलेल्या बोटांना ती नीट धरता येईना, म्हणून काकांनी कातडं धरलं आणि तिने कापलं. मागे करंगळीच्या नखाएवढी जाड, पुढे निमुळती होत शून्य. तीन वेळा मनासारखी झाली नाही. चौथी झाली.

"एकदम नाही बसणार पायाला," ती म्हणाली. "दोन वर्षं पाय चुकीचं शिकलाय. पहिले काही बॉल इकडेतिकडे जातील. निवड करणाऱ्यांना सांगा, जरा दम धरा म्हणावं."

रविवारी सकाळी खिळेकाका आयुष्यात पहिल्यांदा रंगवाल्यांच्या मैदानात शिरले. फाटकावरच्या माणसाने त्यांना ओळखलं आणि नुसताच हसला. मैदानाला टर्पेंटाइनचा वास होता, निदान काकांना तरी आला. निवड समिती झाडाखाली टेबल टाकून बसली होती. मध्ये कीपरसाहेब, समोर कागद. काका दोरीबाहेर उभे राहिले.

गोफणची पाळी अकरावी. तो धावत आला, हात फिरला, आणि बॉल डाव्या बाजूला इतका लांब गेला की यष्टिरक्षक नुसताच बघत राहिला. दुसराही तसाच. तिसरा पायाशी आपटला. चौथ्याला तो घसरून पडता पडता वाचला. टेबलाशी कोणीतरी कुजबुजलं. ओव्हर संपली. कीपरसाहेबांनी पेन उचललं.

काका दोरी ओलांडून आत गेले. कसे गेले ते त्यांना नंतर आठवत नव्हतं. मैदानाच्या कडेने त्यांना हाका मारणारा माणूस, आपल्या चपलांचा फटफट आवाज, आणि ते पेन, एवढंच आठवत होतं.

"साहेब, काट मारू नका. अजून तीन ओव्हर द्या."

"खिळेकाका?" कीपरसाहेब चष्म्यावरून बघत राहिले. "परवा तुम्हीच म्हणालात, डाव्या पायात दम नाही. दिसतंय की आम्हाला."

"बूट खरंच बोलत होता साहेब, पण तो माझ्याविरुद्ध बोलत होता. मला वाचता आलं नाही." आता थांबलो तर परत जमणार नाही, हे कळून काका बोलत सुटले. "त्याच्या डाव्या टाचेखालचं काम मी दोन वर्षांपूर्वी बिघडवलं. तिथे नेमका आधार होता, तो मी खरवडून काढला. त्याने सांगितलं होतं मला, बूट कसातरीच वाटतो म्हणून. मी ऐकलं नाही. पोरगं दोन मोसम तसल्या बुटात पळालं. काल आधार परत घातलाय. पाय अजून सरावला नाही."

"पायाला काही दुखापत?"

क्षणभर काकांनी मैदानाकडे पाहिलं. गोफण कमरेवर हात ठेवून लांब उभा होता, आणि त्याची नजर काकांवरच होती.

"पायाला काही झालेलं नाही," काका म्हणाले. हे खोटं नव्हतं. पाय पूर्वी होता तसाच होता. "खोट माझ्या हातात आहे. माझ्या शब्दावर त्याला वगळणार असाल, तर माझाच शब्द मी मागे घेतो. पाहिजे तर कागदावर सही देतो."

समितीतला एक जण हसला. "पंपवाला सांगतोय, आमच्या संघात हा गोलंदाज घ्या! डाव आहे की काय?"

"डाव असता तर मी गप्प घरी बसलो नसतो का?" काका म्हणाले.

कीपरसाहेबांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. "माझे हातमोजे बावीस वर्षं शिवता आहात तुम्ही. एक बोट मोडू दिलं नाहीत." ते मैदानाकडे वळून ओरडले, "तीन ओव्हर अजून!"

दुसरी ओव्हरही काही फार भारी नव्हती. पण तिसऱ्या ओव्हरच्या दुसऱ्या बॉलला काकांना आवाज बदललेला ऐकू आला. आतापर्यंत पाय टेकल्यावर खर्र असं घासल्यासारखं व्हायचं. आता नुसतं धप्प झालं. बॉलकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते टाचेकडे बघत होते. लाकूड उडाल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वर केली, तर मधली यष्टी लोळत पडली होती.

संध्याकाळी यादी लागली. पंधरा नावं होती, त्यात चौदावं गोफणचं.

सोमवारी काकांनी अड्डा भरायची वाट बघितली नाही. लेथवाला फाटकातून आत जात होता, तिथेच त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. आखूड पायाचं तेवढं सोडून.

लेथवाल्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने डबा सायकलवर ठेवला. "थांब, थांब. म्हणजे आपण दोन वर्षं हरलो, ते तुझ्यामुळे?"

"माझ्यामुळे."

"त्यांनी एकशे सत्तर केले त्या दिवशी? माझा मेहुणा रंगवाला आहे, दोन वर्षं मला घरात हिणवतोय. तेही तुझ्यामुळे?"

"मेहुण्याचं मला माहीत नाही."

दुपारी अड्ड्यावर नुसता कल्लोळ. गोफण निवडीच्या लायक आहे का, हा विषय संपला होता. आता खिळेकाका फाटकासमोर बसायच्या लायक आहेत का, यावर वाद चालू होता, आणि तो काकांसमोरच चालू होता.

"दुसरा कोणी बघा बूट शिवायला," एक जण म्हणाला.

"दुसरा कोण स्वतःहून सांगेल, माझं चुकलं म्हणून?" टाइमकीपर म्हणाला. "मी रोज उशिराची कारणं लिहितो. आजवर एकाने लिहिलं नाही की झोप लागली. सगळ्यांची सायकलच पंक्चर."

"ते असो. येत्या रविवारी सामना आहे आपला त्यांच्याशी, आणि बॉल टाकणार गोफण!" लेथवाला पुढे वाकला, आवाज खाली आणला, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाणार नाही एवढाच. "खिळ्या, शनिवारी बूट येतीलच तुझ्याकडे. एकदा खरवडलंस ते चुकून. आता एकदा मुद्दाम खरवड. फिट्टंफाट!"

सगळे हसले. काकाही हसायचा प्रयत्न करत होते. पण तो आठवडाभर ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं. लेथवाला गंमत करत होता, हे त्यांना माहीत होतं. पण पूर्ण गंमत नव्हती, हेही माहीत होतं. काही जोड त्या आठवड्यात आलेच नाहीत. आणि एक शंका त्यांना बसू देत नव्हती. बूट येतील तरी का? रंगवाल्यांचा स्वतःचा कारागीर होता. गोफणने आता पुन्हा आपल्या हातात पाय का द्यावा?

शनिवारी काका सकाळपासून रस्त्याकडे बघत होते. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता सुट्टी झाली, अड्डा भरला, आणि सगळ्यांच्या देखत गोफण रस्ता ओलांडून आला. अंगात रंग कारखान्याचा नवा सदरा. लेथवाल्याने घसा खाकरला. 

गोफणने बुटांची जोडी फळीवर ठेवली. "डाव्यातली पट्टी धावताना जरा सरकते काका. पक्की करून द्या. संध्याकाळी नेतो." आणि लेथवाल्याकडे वळून म्हणाला, "येताय ना उद्या? मेहुण्याला पण आणा."

तो गेला. थांबलासुद्धा नाही, काका काय करतात ते बघायला.

"काय खिळ्या?" लेथवाला म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खरंच खाली होता.

 काकांनी डावा बूट मांडीवर घेतला आणि सुखतळा उचलला. रापी शेजारीच पडली होती, ती त्यांनी पायाने मागे सारली. आत हात घातला, बायको घालते तसा, डोळे मिटून. पट्टी अंगठ्याला लागली. मग आरी घेतली, मेणाचा दोरा ओवला, आणि पट्टीच्या कडेने दुहेरी टाका घालत गेले, जवळ जवळ, टाचेपासून निमुळत्या टोकापर्यंत आणि टोकापासून परत टाचेपर्यंत. अड्डा बघत होता. भोंगा झाला तरी कोणी हललं नाही.

शेवटची गाठ मारून काकांनी दोरा दातांनी तोडला आणि बूट लेथवाल्याच्या हातात दिला.

"आता काढ बघू," म्हणाले.

लेथवाल्याने आत बोटं घातली, कडेला नख लावलं, ओढून पाहिलं. "ही काढायची तर बूटच फाडावा लागेल," तो म्हणाला.

"मग झालं तर," काका म्हणाले आणि उजवा बूट पुढे ओढला.